किती बसतील ते सांगता, मग किती बाहेर पडतील तेही सांगा

लहान बहिणीचं लग्न ठरलं आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात हॉल सोडून दुसरा विषय नव्हता. एकूण अकरा हॉल बघितले. प्रत्येक ठिकाणी बाबांचा पहिला प्रश्न तोच, किती माणसं बसतील, आणि मॅनेजरचं उत्तर तोंडावर तयार, कोणी म्हणायचं पाचशे आरामात, कोणी म्हणायचं सातशे, फ्लोटिंग (म्हणजे येऊन-जाऊन असणारी माणसं) धरलं तर हजार पण होतात साहेब, काही टेन्शन घेऊ नका. सुरुवातीला मीही तो आकडा वहीत लिहून घ्यायचो. मग एके ठिकाणी सहज विचारलं की हा आकडा काढला कोणी, कुठे लिहिलाय का, तर मॅनेजर थोडा गोंधळला आणि म्हणाला, आम्ही आत्तापर्यंत एवढी लग्नं केली ना, त्यावरून अंदाज आहे. तेव्हापासून मी सगळीकडे हाच प्रश्न विचारायला लागलो. अकरापैकी फक्त दोघांनी परवानगीचा कागद काढून दाखवला. त्या दोन्ही कागदांवरचा आकडा तोंडी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास होता.

पाचव्या हॉलमध्ये जे बघितलं ते मी विसरू शकत नाही. हॉल खरंच सुंदर होता, उंच छत, मस्त लाईट, बहिणीला बघताक्षणी आवडला. स्टेजच्या मागे मखमली पडदा होता, मी सहज तो बाजूला केला तर मागे दार. दारावर हिरव्या अक्षरात बाहेर जाण्याचा मार्ग असं लिहिलेलं, दिवा बंद. दारासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या सहा-सात चळती, माझ्या डोक्याच्या वर जातील इतक्या उंच, आणि दोन्ही कड्यांमधून साखळी ओवून कुलूप. कुलपावर धूळ होती. चावी कुठेय विचारलं तर मॅनेजर म्हणाला वॉचमनकडे असते. वॉचमनला विचारलं तर म्हणाला ऑफिसमध्ये असेल. म्हणजे ज्या हॉलमध्ये सातशे माणसं बसतील असं सांगत होते त्यातून बाहेर पडायला खऱ्या अर्थाने एकच दार होतं, आणि त्या दारात लग्नाच्या दिवशी फुलांची कमान, स्वागताचं टेबल आणि सेल्फीची फ्रेम लागणार होती.

मला जे म्हणायचंय ते सरळ आहे. लग्नाच्या हॉलची कपॅसिटी हा आज जाहिरातीतला आकडा झालाय, तो तसा राहता कामा नये. तो आकडा परवानगीच्या कागदावरचाच असला पाहिजे, प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरात लावलेला असला पाहिजे, आणि बुकिंगच्या पावतीवर छापलेला असला पाहिजे, तोही हॉलवाल्याची मर्जी म्हणून नाही, कायद्याने सक्ती म्हणून. ज्या पावतीवर हा आकडा नाही त्या पावतीवर ॲडव्हान्स घेताच येऊ नये.

आता हा आकडा निघतो कसा ते बघू, कारण अनेकांना वाटतं की यात काहीतरी मोठं शास्त्र असेल आणि ते आपल्याला कळणार नाही. तसं काही नाहीये. बऱ्याच ठिकाणी आधार मानल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत नुसत्या सुट्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात, आणि टेबल-खुर्च्या मांडल्या तर माणशी १५ चौरस फूट. समजा हॉल ६० फूट बाय ५० फूट आहे. झाले ३,००० चौरस फूट. त्यातून स्टेज आणि सजावट यांचे ४०० चौरस फूट काढा, उरले २,६००. नुसत्या खुर्च्या असतील तर साधारण ३७० माणसं, टेबलं मांडली तर साधारण १७०. एकाच हॉलचे दोन आकडे, आणि दोघांत दुपटीचा फरक. आता अशा हॉलला कोणी सातशे म्हणत असेल तर त्याने तो आकडा फक्त माणसं उभी करून काढलाय. टेप नसेल तर पावलांनी मोजा, मी तसंच मोजायचो, मॅनेजर जरा विचित्र नजरेने बघायचे पण कोणी अडवलं नाही.

आणि हे झालं फक्त जागेचं. खरा आकडा दारांवर ठरतो. त्याच नियमावलीत ५०० पर्यंत माणसांना कमीत कमी दोन वेगवेगळे बाहेर पडायचे मार्ग लागतात, ५०० च्या वर गेलं की तीन, १,००० च्या वर चार. ते मार्ग एकमेकांना चिकटून चालत नाहीत, लांब लांब असावे लागतात, म्हणजे एका बाजूला आग लागली तर दुसरी बाजू मोकळी राहील. आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. हे शेवटचं किरकोळ वाटतं पण तसं नाहीये. दार आतल्या बाजूला उघडणारं असेल आणि मागून शंभर माणसं रेटत असतील तर पुढच्या माणसाला ते ओढताच येत नाही, स्वतःच्याच माणसांच्या वजनाने दार बंद राहतं.

हे सगळं माणसं मेल्यानंतर शिकलेलं आहे. २८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाईट क्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली. परवानगीपेक्षा दुपटीच्या आसपास माणसं आत होती, मुख्य दार गोल फिरणारं होतं ते माणसांनी अडकून बसलं, बाकीची काही दारं कुलूपबंद आणि काही आतल्या बाजूला उघडणारी. त्यानंतर तिथले नियम बदलले. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं, सिंथेटिक कापडाच्या मंडपाने पेट घेतला, बाहेर पडायला एकच फाटक, चारशेहून जास्त जीव गेले आणि त्यात बहुतेक लहान मुलं होती. २४ मे २००१ ला जेरुसलेममध्ये तर आगही नव्हती, लग्नात लोक नाचत असताना वरच्या मजल्याची जमीनच खचली, २३ जण गेले, हलक्या पद्धतीने केलेलं बांधकाम आणि त्यात खालच्या मजल्यावर आधीच काढून टाकलेलं पार्टिशन. आणि अगदी अलीकडे, २६ सप्टेंबर २०२३ ला इराकमधल्या हमदानियात लग्नाच्या हॉलमध्ये आतषबाजीच्या ठिणग्या छतापर्यंत गेल्या, छताला लगेच पेटणारे पॅनल होते, शंभरहून जास्त माणसं गेली. नंतर तिथल्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की हॉलची मर्यादा ४०० ची होती आणि आत ९०० जण होते.

४०० आणि ९००. माझ्या वहीतले आकडे यापेक्षा फार वेगळे नाहीत, म्हणून मी हे लिहायला बसलो.

अजून एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती. धोका वाटला की माणूस बऱ्याचदा जवळच्या दाराकडे जात नाही, ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे परत जातो. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नावाच्या क्लबमध्ये असंच झालं, स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला, बाकीची दारं असूनही बहुतेक लोक पुढच्या ओळखीच्या दाराकडे धावले आणि दोन मिनिटांच्या आत तिथे माणसांचा ढीग अडकला. १०० जण गेले. लग्नात तर हे जास्तच होणार, कारण पाहुणे त्या जागेत आयुष्यात पहिल्यांदा आलेले असतात, त्यांना एकच दार माहीत असतं, आणि धावायच्या आधी प्रत्येक जण आपलं मूल, आपली आई, आपली बायको शोधणार. कोणीही एकटा बाहेर पडत नाही. म्हणून मागच्या दाराचा दिवा चालू असणं आणि त्याच्यासमोर पडदा नसणं याला एवढं महत्त्व आहे.

आता सजावटीबद्दल बोलायलाच हवं. हॉल रिकामा बघतो तेव्हा तीन दारं दिसतात. मग डेकोरेटर येतो आणि त्याला दिलेलं काम असतं की फोटोत भिंत दिसता कामा नये, तो कापडं सोडतो, फुलांची भिंत उभी करतो, त्यात एक दार जातं. केटररला काउंटर लावायला जागा हवी म्हणून दुसरं दार जातं, त्याचे गॅस सिलिंडर पण तिथेच मागे. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, प्रत्येक जण आपलं काम नीट करत असतो, फक्त पूर्ण हॉलकडे बघणारा माणूस कोणीच नसतो. मग नवरा-नवरीच्या एंट्रीला कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांची कारंजी, लावतात, नावात कोल्ड आहे म्हणून लोकांना वाटतं थंड असतं, पण त्यात धातूची भुकटीच जळत असते, आणि हे सगळं कापडाच्या छताखाली. माझ्या मते बंद हॉलमध्ये कुठल्याही प्रकारची आतषबाजी सरळ बंद असावी, इराकच्या त्या घटनेनंतर यावर चर्चा करण्यासारखं काही उरलेलं नाही.

घरात मी हे बोललो तेव्हा मावशी नाराज झाली. म्हणाली, लग्नाच्या बोलण्यात आगीचं नाव कशाला काढतोस, चांगलं बोल. मला मावशीचा राग आला नाही, तिचं म्हणणं कळतं, आनंदाच्या गोष्टीत माणसाला वाईट विचार नको असतो. पण त्यामुळेच हे काम कुटुंबावर सोडून चालणार नाही असं मला वाटतं. लग्नघरातला माणूस ऑलरेडी शंभर गोष्टींत अडकलेला असतो, पैशाची जुळवाजुळव, पाहुण्यांच्या याद्या, रुसवेफुगवे, तारीख हातची जाईल ही धाकधूक, त्याने अजून दारं मोजत बसावं आणि नाही मोजली तर चूक त्याची, हे बरोबर नाही. आपण बसमध्ये चढताना ब्रेक तपासतो का? लिफ्टमध्ये किती जणांची मर्यादा ते आत लिहिलेलंच असतं, किती किलो तेही असतं. लिफ्टमध्ये आठ-दहा माणसं जातात आणि हॉलमध्ये सातशे, तरी लिफ्टला पाटी आणि हॉलला नाही.

काही जण म्हणतील मग लग्नंच छोटी करा, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. माणसं जमणं ही लग्नातली वायफळ गोष्ट आहे असं मी मानत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस-टॅन आणि मियालॉन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी लग्न झालेल्या ३,००० हून जास्त लोकांच्या माहितीवर अभ्यास केला होता, २०१५ मध्ये तो छापून आला, त्यात असं दिसलं की लग्नावर जास्त खर्च केलेल्यांची लग्नं मोडण्याचं प्रमाण जास्त होतं, पण लग्नाला जास्त माणसं आलेल्यांची लग्नं मोडण्याचं प्रमाण कमी होतं. यावरून एकामुळे दुसरं होतं असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, पण माझ्या मनाला हे पटतं. ज्यांच्यासाठी तीनशे माणसं वेळ काढून येतात त्यांच्या पाठीशी काहीतरी असतंच. म्हणजे माणसं बोलवावीत, भरपूर बोलवावीत, मात्र जेवढी बोलवली तेवढी सुखरूप बसतील अशा जागेत. जागा छोटी असेल तर दोन वेळा ठेवा, सकाळी एक संध्याकाळी एक, मोकळी जागा असेल तर तिथे करा. सातशेची यादी करून साडेतीनशेच्या हॉलमध्ये कोंबायची आणि वर फ्लोटिंग म्हणायचं हे थांबायला हवं. फ्लोटिंगचं गणित असं की सगळे एकदम येणार नाहीत, येतील आणि जातील. पण मुख्य विधी असतो त्या अर्ध्या तासात सगळेच असतात, त्याचसाठी तर आलेले असतात.

आणि या सगळ्यात ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय, हा विषय मला आत्यामुळे कळला. आत्या गेली सहा वर्षं व्हीलचेअरवर आहे. एका नातेवाइकाच्या लग्नात हॉल पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट सामानासाठी अडवलेली, चार मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. सगळे कौतुक करत होते मुलांचं. मी मागून जिना चढत होतो, आत्याने एका हाताने साडी गुडघ्यापाशी घट्ट धरून ठेवलेली आणि डोळे मिटलेले. वर गेल्यावर तिने चार तास पाण्याचा घोट घेतला नाही, कारण तिथल्या टॉयलेटच्या दारातून खुर्ची आत जात नव्हती. हे तिने आम्हाला घरी आल्यावर सांगितलं. त्यानंतर दोन लग्नांना ती आलीच नाही, तब्येतीचं कारण सांगितलं आणि लोकांनीही ते खरं मानलं.

रॅम्पचा हिशोब पण साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे १:१२. तीन फूट उंच जोत्याला छत्तीस फूट लांब रॅम्प लागतो. मी बघितलेल्या अकरा हॉलमध्ये चार ठिकाणी रॅम्प होता आणि त्यातले दोन इतके उभे की त्यावरून फक्त साउंडवाल्यांची ट्रॉली जाईल. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असली की व्हीलचेअर आरामात जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात नववं कलम याच विषयावर आहे आणि लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागाही त्यात येतात, म्हणजे हॉल खाजगी आहे हे कारण पुरत नाही. आणि एक लक्षात घ्या, ज्या हॉलमध्ये आत्या स्वतःहून आत जाऊ शकते त्याच हॉलमधून ती स्वतःहून बाहेर पडू शकते. उचलून वर नेलेल्या माणसाला गडबडीत उचलून खाली कोण आणणार?

हॉलवाल्यांची बाजू पण मी ऐकली. एका मालकांशी तासभर बोललो, भला माणूस होता. त्यांचं म्हणणं असं की मी खरा आकडा सांगितला, साडेतीनशे, तर लोक शेजारच्या हॉलमध्ये जातात कारण तो सातशे सांगतो, जागा तेवढीच. खरं बोलणाऱ्याचा धंदा बसतो. मला वाटतं सक्तीच्या बाजूने सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे, आणि तो एका मालकाच्याच तोंडून आला. सगळ्यांनाच खरा आकडा पाटीवर लावावा लागला तर खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही. दुसरं त्यांचं म्हणणं की दारं वाढवायला, रॅम्प करायला खर्च येतो, तो शेवटी भाड्यात जाणार. जाईल, मान्य आहे. त्यासाठी जुन्या हॉलना मुदत द्या, तीन वर्षं द्या. पण पाटी लावायला आणि पावतीवर एक ओळ छापायला मुदत लागत नाही. साखळी काढायला तर पाच मिनिटं लागतात.

तपासणी होतेच की, असंही काही जण म्हणतात. होत असेल, पण तपासणी होते तेव्हा हॉल रिकामा असतो, ना कापड ना काउंटर ना सातशे माणसं. लग्नाच्या दिवशी तिथे असतात ते पाहुणे. पाटीवर ३५० लिहिलेलं असेल आणि आत सातशे दिसत असतील तर ते पाहुण्यालाही कळेल, केटररला कळेल, कारण त्याच्याकडे ताटांचा आकडा असतो, फोटोग्राफरला कळेल. आज त्यांच्यातल्या कोणालाच मर्यादा माहीत नाही म्हणून कोणी बोलूही शकत नाही.

नियम होईल तेव्हा होईल, तोवर जे लोक आत्ता हॉल शोधतायत त्यांना एवढंच सांगेन की ॲडव्हान्स देण्याआधी परवानगीचा कागद मागा, आणि बुकिंगच्या कागदावर हाताने का होईना, माणसांचा आकडा आणि "सर्व दारे कार्यक्रमभर उघडी राहतील" ही ओळ लिहून सही घ्या. ॲडव्हान्स द्यायच्या आधी तुमच्या शब्दाला वजन असतं, नंतर नसतं. हॉल बघायला गेलात तर शक्यतो दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम चालू असताना दहा मिनिटं जाऊन या, तेव्हा दारांची खरी अवस्था दिसते. डेकोरेटर आणि केटरर या दोघांना एकदा एकत्र हॉलमध्ये न्या आणि दारं दाखवा. आम्ही नेलं, दहा मिनिटांचं काम होतं, डेकोरेटर स्वतःच म्हणाला की हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने फुलांची भिंत चार फूट सरकवली.

बहिणीचं लग्न आम्ही ज्या हॉलमध्ये केलं तो पाचव्या हॉलइतका देखणा नव्हता. तळमजल्याला होता, रॅम्प होता, तीन दारं तीन बाजूंना, मर्यादा ४००. यादी ३८० वर थांबवली, त्यात दोन-चार जण नाराज झाले ते अजून आहेत. आत्या स्वतः चाकं फिरवत आत आली आणि दुपारी दोनदा पाणी मागून घेतलं.

त्या पाचव्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात माझ्या ऑफिसमधल्या मित्राचं लग्न आहे, पैसे आधीच भरलेत. त्याला मी तो साखळीचा फोटो पाठवला. तो लगेच जाऊन मॅनेजरला भेटला, आणि दोन दिवसांनी मॅनेजरनेच त्याला फोटो पाठवला, खुर्च्या हलवल्यात. कुलूप मात्र फोटोत तसंच दिसतंय. शनिवारी आम्ही दोघं परत जाणार आहोत.